मोकळ्या वेळेची किंमत

अर्थशास्त्र विभागात तिला सगळे ‘खाडीबाई’ म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. इतर प्राध्यापक व्याजदर, आयात-निर्यात असल्या वजनदार विषयांवर बोलत. ही बोलायची शिंपले, कोळंबीची पिल्लं आणि ओहोटीच्या वेळा यांवर. तिच्या खोलीच्या दारामागे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट उभे असत आणि त्यांचा वास व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचे. “बाई, पैशाला वास नसतो असं ऐकून होतो,” विभागाचा शिपाई म्हणायचा, “तुमच्या अर्थशास्त्राला मात्र चांगलाच आहे.”

तिचा प्रश्न साधा होता. खाडी उद्या नाहीशी झाली, तर तिच्याबरोबर आणखी काय काय नाहीसं होईल? बाजारात ज्याला भाव आहे त्याची किंमत कोणीही सांगेल. पण समुद्रातल्या होड्या जी मासळी पकडतात, तिच्यातली बरीचशी लहानपणी या खाडीच्या उथळ, गढूळ पाण्यात वाढते आणि अंगाने भरली की बाहेर पडते. खाडी म्हणजे मासळीची बालवाडी. बालवाडी पाडली तर दहावीच्या वर्गात मुलं कुठून येणार? आणि ओहोटीला चिखलात उतरून बायका जे शिंपले वेचतात ते बाजाराचं तोंडही पाहत नाहीत, थेट घरच्या पातेल्यात जातात. म्हणून कुठल्याच सरकारी आकड्यात ते सापडत नाहीत. खाडीबाईने या दोन्ही गोष्टी मोजायला घेतल्या होत्या. त्यात तिची तीन वर्षं गेली. बायकांबरोबर ती चिखलात उतरली, कोण किती वेळ वेचते, किती वेचते, घरी किती तोंडं आहेत, हे सगळं विचारत राहिली.

तिचा नवराही अर्थशास्त्रज्ञच, पण एका खाजगी संशोधन संस्थेत. आकडेमोडीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. विकास मंडळाने खाडीच्या तोंडावर बंधारा घालून आत गोड्या पाण्याचं तळं करायचं ठरवलं, तळ्याकाठी घरं, नौकाविहार, फिरायला रस्ता, असा सगळा बेत. आणि त्याआधी नफा-नुकसानीचा अभ्यास करायचं काम नवरा-बायकोला मिळून दिलं. खाडीवरची पाहणी तिची, शेवटचा ताळेबंद त्याचा. लोक म्हणाले, बरं झालं, घरातल्या घरात काम. सासूबाई म्हणाल्या, “एकाच ताटात दोघं जेवणार असाल तर आधी वाटे ठरवून घ्या.” दोघंही हसले होते.

जनसुनावणी मंडळाच्या मोठ्या सभागृहात होती. व्यासपीठावर बंधाऱ्याला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या समितीचे तिघे, मध्ये अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला मंडळाचे मुख्य अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत. दुसऱ्या बाजूला खाडीबाई आणि तिचा नवरा. खाली खुर्च्यांवर खाडीकाठची वस्ती लोटली होती. मागच्या रांगा भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती. पंखे फिरत होते, पण वारा व्यासपीठापुरताच येत होता. तिसऱ्या रांगेत वस्तीतल्या बायका आत्याभोवती बसल्या होत्या. आत्या म्हणजे सगळ्यांचीच आत्या, अगदी तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्यांचीसुद्धा. तिने खाडीबाईला पाहून हात हलवला. खाडीबाईनेही हलवला.

नवरा बोलायला उठला. पडद्यावर एकेक पान येत होतं. बालवाडीचं प्रकरण आलं, शब्दाला शब्द तिचंच. तिला बरं वाटलं. मग पडद्यावर एक फोटो आला. ओहोटीतली आत्या, कोपरापर्यंत चिखल, तोंडभर हसू. हा फोटो खाडीबाईनेच काढला होता.

“अगं, ही तर मी!” आत्या खालून ओरडली. सभागृह हसलं. “खाली काय लिहिलंय गं?”

शेजारणीने वाचून दाखवलं, “चिखलातून मुक्ती.”

“मुक्ती?” आत्या म्हणाली. “का, मी मेले का?”

पुन्हा हशा पिकला. खाडीबाई मात्र हसली नाही, कारण तोवर पडद्यावर पुढचा तक्ता आला होता आणि ती तो वाचत होती. एकदा वाचला. आपलंच काही चुकतंय असं वाटून पुन्हा वाचला. ‘लाभ’ या मथळ्याखाली, तळ्याकाठच्या घरांच्या आणि नौकाविहाराच्या ओळींनंतर, सगळ्यात मोठ्या आकड्यासमोर लिहिलं होतं: ‘स्थानिक महिलांना उपलब्ध होणारा मोकळा वेळ’.

ते तास तिचे होते. म्हणजे त्या बायकांचे होते. तिने चिखलात उभं राहून टिपलेले. बंधारा झाला की शिंपले संपणार, शिंपले संपले की वेचणं संपणार, आणि वेचणं संपलं की बायकांचा तेवढा वेळ वाचणार. त्या वाचलेल्या वेळेला मजुरीचा दर लावून तो बंधाऱ्याच्या फायद्यात धरला होता. पहाटेपासून जी जास्त राबली, तिच्यामुळे बंधारा जास्त फायद्याचा. पातेल्यातले शिंपले कुठेच नव्हते. त्यांना भाव नव्हता ना.

तिने शेजारी पाहिलं. नवरा तिच्याकडे पाहत नव्हता. पाण्याचा पेला उचलून त्याने उगाच एक घोट घेतला, आणि त्या घोटावरून तिला कळलं की ही नजरचूक नाही.

आता त्या घटकेला ती गप्प बसली असती तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं. घरी जाऊन भांडता आलं असतं. पण खाली आत्या बसली होती, आणि अजून हसतच होती. खाडीबाई उठली, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली आणि लोकांसाठी ठेवलेल्या माइकसमोर, होडीवाल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढचा होडीवाला बाजूला झाला. “तुम्ही आधी बोला, ताई. तुमचा चेहरा बघून मला काय बोलायचं होतं ते मी विसरलो.”

“नाव सांगा,” कारकून सवयीने म्हणाला.

“नाव अहवालाच्या पहिल्या पानावर आहे. ते तिथे का आहे, हेच मला विचारायचंय.”

साहेब पुढे झुकले. “मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या...”

“मी कोणाच्या बाजूची आहे ते मी ठरवीन.” मग ती नवऱ्याकडे वळली. लग्नापासून त्याला ‘अरे’ म्हणत आली होती. आज पहिल्यांदा तिच्या तोंडून ‘तुम्ही’ निघालं, आणि ते शिवीसारखं वाजलं. “हा तक्ता तुम्ही केलात?”

“हो.”

“बायकांचं काम बुडणार, तो तुम्ही फायदा धरलात?”

“काम बुडणार असं नाही, वेळ... वेळ मोकळा होणार. पद्धतीनुसार...”

“आणि पातेल्यातले शिंपले? ते कोण देणार? पद्धत?”

खालून शिट्टी वाजली. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. साहेबांनी आवाज मऊ केला, लहान मुलाला समजावताना करतात तसा. “मॅडम, मोकळ्या वेळेला मूल्य असतं, हा तर तुमच्याच शास्त्राचा मान्य सिद्धान्त आहे. त्या बिचाऱ्या बायका चिखलात कंबर मोडून घेतात. आम्ही त्यांना आराम देतोय.”

“मूल्य असतं,” खाडीबाई म्हणाली. “आपण होऊन घेतलेल्या सुट्टीला असतं. हातातलं काम हिसकावून घेतलं, तर जे उरतं त्याला सुट्टी म्हणत नाहीत.” इथवर तिचा आवाज स्थिर होता. इथेच ती थांबली असती तरी चाललं असतं. पण राग अंगात असा भिनला होता की तोंडाला लगाम राहिला नाही. ती पुन्हा नवऱ्याकडे वळली. “मोकळा वेळ म्हणजे काय ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. आधीच्या संस्थेने नोकरीवरून काढलं तेव्हा वर्षभर तुम्ही रिकामे होतात. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसून राहायचात. सांगा ना या लोकांना. त्या वर्षाच्या मोकळ्या वेळेला तुम्ही कोणता दर लावाल?”

ही गोष्ट घरातल्या तिघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने माइक बंद करायला हात पुढे केला, पण बंद केला नाही.

“काहीच नाही,” अखेर तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता, पण माइकने तो सगळीकडे पोचवला. “शून्याच्याही खाली.”

अध्यक्षांनी ते शब्द टिपून घ्यायला सांगितलं आणि सुनावणी तहकूब केली. लोक उठले, गलका झाला, कोणी घोषणा दिल्या. आत्या गर्दीतून वाट काढत खाडीबाईपाशी आली. शाबासकी मिळेल असं खाडीबाईला वाटलं असेल, तर ते चुकलं.

“फोटो तूच काढला होतास ना?” आत्या म्हणाली.

“हो, पण आत्या, मी त्यांना...”

“तू काढलास, तू दिलास, आणि त्यांनी माझं तोंड त्यांच्या भिंतीवर लावलं. मला कोणी विचारलं? तू विचारलंस?” आत्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. “भांडलीस ते बरं केलंस. पण माझं तोंड आधी तिथून काढ.”

खाडीबाईने तिथेच पडदा चालवणाऱ्या माणसाकडे जाऊन तो फोटो पुसायला लावला, आणि पुसला जाईपर्यंत त्याच्या खांद्यावरून बघत उभी राहिली.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. दार सासूबाईंनी उघडलं, आणि उंबऱ्यातच घेतलं.

“भर सभेत? नवऱ्याचं दुखणं भर सभेत काढलंस? अगं, चार भिंतींतलं चव्हाट्यावर आणताना जीभ कशी रेटली तुझी?”

“आई, आधी त्याने काय केलंय ते तरी ऐका.”

“त्याने काय केलं ते मागाहून. आधी तू काय केलंस ते.”

नवरा आत जेवणाच्या टेबलाशी बसला होता, कोट अंगात तसाच. खाडीबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाटेत ठरवलेलं सगळं बोलणं नाहीसं झालं होतं.

“ते वर्ष मी काढायला नको होतं,” ती म्हणाली. “ते चुकलं माझं. पण तेवढंच. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.”

“तुला काय वाटतं, मला आवडलं ते लिहायला?” तो उसळला. “त्या ओळीशिवाय हिशेब जुळत नव्हता. बंधारा तोट्यात जात होता. साहेबांनी सरळ सांगितलं, असा अहवाल आम्ही घेणार नाही, दुसऱ्याला काम देऊ. त्या दुसऱ्याने खाडीला डबकं म्हटलं असतं! तुझी बालवाडी त्यात आली तरी असती का? मी ती वाचवली. शब्दाला शब्द.”

“आणि तिच्याच शेजारी बंधाऱ्याचा पाया खणलास. माझ्याच आकड्यांनी! मला सांगितलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणून सांगितलं नाहीस?”

त्याने कोटाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

“आणि मंडळाचं नवं संशोधन केंद्र निघणार आहे, त्याचं तुला कबूल केलेलं संचालकपद? तेसुद्धा बालवाडी वाचवण्यासाठीच का?”

“पुन्हा ते वर्ष नको होतं मला!” तो ओरडला. त्याचा आवाज एवढा चढलेला या घराने कधी ऐकला नव्हता. “पुन्हा डबा घेऊन कुठेतरी जाऊन बसायचं नव्हतं. कळतं का तुला?”

खाडीबाईला कळत होतं, आणि कळल्यामुळे राग उतरण्याऐवजी आणखीच चढत होता. पण तिच्याआधी सासूबाई बोलल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात फडकं.

“तो डबा मी भरायचे,” त्या मुलाला म्हणाल्या. “मला कळत नव्हतं होय? संध्याकाळी तो तसाच परत यायचा. भूक मेलेल्या माणसाचा डबा होता तो. मी कधी विचारलं नाही तुला, म्हटलं माणूस आहे, सावरेल.” त्यांनी फडकं टेबलावर टाकलं. “बाकी कोणी हे लिहिलं असतं तर म्हटलं असतं, मेल्याला अनुभव नाही. तू? ते वर्ष काढून तू दुसऱ्याच्या रिकाम्या हातांना फायदा म्हणालास?”

त्या रात्री घरात वाढलेलं तसंच राहिलं.

पुढचे काही दिवस दोघं घरात भाडेकरूंसारखे वावरले. मग मंडळाचं निवेदन वर्तमानपत्रात आलं. ‘संबंधित महिला संशोधकांनी कौटुंबिक वादातून आणि भावनेच्या भरात केलेल्या विधानांशी अहवालाचा संबंध नाही. अहवाल शास्त्रशुद्ध असून त्याचे प्रमुख लेखक त्यावर ठाम आहेत.’ खाडीबाईने ते वाचलं आणि तिचे कान तापले. तीन वर्षं चिखल तुडवला तो भावनेच्या भरात? आणि बंद खोलीत बसून फिरवलेला आकडा तेवढा शास्त्रशुद्ध? तिने वर्तमानपत्र नवऱ्यापुढे आपटलं. “बघ. तू ठाम आहेस म्हणे.”

त्याने ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. “मला कोणी विचारलं नाही,” तो म्हणाला.

“आत्यालाही विचारलं नव्हतं.”

तो उठला, कपडे बदलले आणि बाहेर पडला. कुठे चाललास, असं तिने विचारलं नाही. तो समितीच्या कचेरीत गेला होता. मोकळ्या वेळेची ओळ मंडळाच्या सांगण्यावरून घातली, ती घालायच्या आधी ताळेबंद तोट्याचा होता, आणि त्या ओळीचं समर्थन आपल्याला करता येत नाही, असं त्याने लेखी दिलं आणि समितीसमोर तोंडीही सांगितलं. साहेबांच्या वकिलाने विचारलं, “म्हणजे पत्नीच्या दबावाखाली तुम्ही मत बदललं?” तो म्हणाला, “नाही, तुमच्या दबावाखाली बदललं होतं. आता परत जागेवर आणलं.”

हे खाडीबाईला त्याने सांगितलं नाही; समितीच्या कारकुनाकडून कळलं. ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा पुन्हा राग आला. जे पहिल्याच दिवशी करायचं, ते करायला माणसाला एवढा वळसा का लागावा?

समितीने ती ओळ काढून टाकली. ती काढल्यावर बंधाऱ्याचा ताळेबंद कोसळला आणि आहे त्या स्वरूपात परवानगी नाकारली गेली. वस्तीत ढोल वाजले. पण सगळं गोड झालं असं समजायचं कारण नाही. मंडळाने लगेच जाहीर केलं की सुधारित आराखडा लवकरच सादर होईल. साहेबांवर काही कारवाई झाली नाही. उलट त्यांना बढती मिळाली आणि ते आणखी मोठ्या कचेरीत, आणखी मोठ्या टेबलामागे जाऊन बसले. नवऱ्याच्या संस्थेने त्याला काढलं नाही, ‘मानद सल्लागार’ केलं, म्हणजे मान राहिला आणि खुर्ची गेली. ज्याने दबाव आणला तो वर चढला, आणि ज्याने चूक कबूल केली तो खाली आला. खाडीबाई हे विभागात येईल त्याला सांगायची, चहा प्यायला आलेल्यालासुद्धा. शिपाई म्हणाला, “बाई, रोज तेच बोलून तुमचा घसा बसेल.” ती म्हणाली, “बसू दे. निदान माझं काहीतरी बसेल. राग तर कुठेच टेकेना.”

सुधारित आराखड्याला उत्तर द्यायचं तर पाहणी पुन्हा करायला हवी होती. हंगाम सुरू झाला तशी ती निघाली. बूट घालत होती, तर नवरा दारात येऊन उभा राहिला.

“मी येऊ?”

“कशाला?”

“मी कधी उतरलोच नाही तिथे.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या तीन वर्षांच्या चिखलाची त्याने बेरीज-वजाबाकी केली होती आणि एकदाही त्याच्या पायाला तो लागला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर पुन्हा अंगाचा तिळपापड झाला. “बुटांची जोडी एकच आहे,” ती म्हणाली.

तो अनवाणी उतरला. थोडं अंतर गेला आणि मांडीपर्यंत रुतला. एक पाय काढायला जावं तर दुसरा आणखी आत. वेचणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या.

“कोण गं हा?” कोणीतरी विचारलं.

“ओळखलं नाहीस?” आत्या म्हणाली. “हा तोच. मोकळ्या वेळवाला!”

बायका अशा हसल्या की पलीकडच्या काठावरची पाखरं उडाली. खाडीबाईला वाटलं, आता हा चिडेल, किंवा ओशाळं हसून विनोदावारी नेईल. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. तसाच रुतलेला, तो आत्याला म्हणाला, “हो. मीच तो. मी चुकीचं लिहिलं होतं.”

“ठाऊक आहे,” आत्या म्हणाली. “जोर करू नकोस, आणखी आत जाशील. आडवा हो. पोटावर.” तो आडवा झाला. दोघींनी हाताला धरून त्याला ओढून काढलं. त्याचा शर्ट, चष्मा, केस, सगळं एकजात चिखल झालं होतं. आत्याने आपली बादली त्याच्या हातात दिली. “आता आलाच आहेस तर धर. उगाच मोकळा उभा राहू नकोस.”

भरती लागेपर्यंत तो बायकांच्या मागून बादल्या वाहत राहिला. खाडीबाई एकीपासून दुसरीकडे जात होती, तेच जुने प्रश्न विचारत होती, आणि मधूनच तिची नजर त्याच्याकडे जात होती. तिने त्याला माफ केलं नव्हतं, आणि करायची घाईही नव्हती. पाणी घोट्याला लागलं तसं तिने आवाज दिला, “अरे, चल आता. उद्याची ओहोटी याहून उशिरा आहे.”

“उद्याही येऊ?”

“बूट विकत घे,” ती म्हणाली आणि काठाकडे चालू लागली.